आरसी पाणबुडी पहिल्यांदा बनवताय? मोटर नंतर, आधी वजनकाटा काढा

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारं, पाणबुडीचं मॉडेल करायचं म्हटलं की नवीन माणूस आधी मोटर बघतो, मग प्रोपेलर, मग रंग कुठला द्यायचा ते, आणि वजनकाटा अगदी शेवटी आठवतो. मी पण तेच केलं होतं. पहिली पाणबुडी घरच्या हौदात सोडली तर बुडेचना, म्हणून शिसं टाकत गेलो, टाकत गेलो आणि एका गोळीला ती गेली थेट तळाला, मधे थांबणं नाहीच. पाण्याच्या मधोमध तरंगणं ही जी गोष्ट आपल्याला हवी असते ती पाच-दहा ग्रॅमच्या फटीत असते आणि ती फट कागदावर आधी शोधावी लागते, पाण्यात शोधायला गेलं की महिनाभर नुसतं शिसं काढणं-घालणं चालतं. म्हणून मी इथे हिशोबापासून सुरू करतो, आणि एकच ठराविक मॉडेल धरून सांगतो म्हणजे आकडे खरे राहतील.

मॉडेल कलवरी क्लासचं धरू. आपल्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या या सहा पाणबुड्या, पहिली आयएनएस कलवरी १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली आणि सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. लांबी ६७.५ मीटर, बॉडीचा व्यास ६.२ मीटर. आता प्लंबिंगच्या दुकानातला ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या, ६.२ ला ०.०७५ ने भागा, स्केल येतं साधारण १:८३ आणि लांबी येते ८१-८२ सेंमी. स्कूटरवर मागे बसलेला माणूस मांडीवर आडवी धरून नेऊ शकतो एवढी. ११० मिमीच्या पाइपात केली तर १:५६ येतं, लांबी १.२ मीटर, दिसते फार देखणी, पण वजन तिप्पट होऊन आठ किलोच्या वर जातं आणि मग हौद पुरत नाही, बॅटरी मोठी लागते, पाण्यातून काढताना कमर धरते. पहिली ७५ मध्येच करा.

कागदावरची पाणबुडी

८२ सेंमीपैकी मधला ६० सेंमीचा पाइप हवाबंद, पुढचं ८ सेंमीचं नाक आणि मागचं १४ सेंमीचं शेपूट हे भोकं पाडलेले, म्हणजे त्यात पाणी आपोआप भरतं. पाठीवरचा उभा उंचवटा म्हणजे टॉवर, तो पण तसाच पोकळ आणि भोकांचा. हवाबंद भागाचं आकारमान काढा, ७.५ सेंमी व्यासाचं वर्तुळ म्हणजे ४४ चौ. सेंमी, गुणिले ६०, आले २६५० मिली. म्हणजे ही नळी पाण्याखाली गेल्यावर २६५० ग्रॅम पाणी बाजूला सारणार, आणि स्थिर राहायचं तर सगळं मिळून वजन २६५० ग्रॅमच हवं. जाड भिंतीचा पाइप सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, बॅटरी, सर्वो (सुकाणू आणि पंख फिरवणाऱ्या छोट्या मोटर), सिरिंज, झाकणं सगळं धरून सव्वा-दीड किलोपर्यंत जातं, उरलेलं किलो-सव्वा किलो शिसं. हलकी पाणबुडी करायचा काही फायदा नाही, बॉडी जाडच वापरा, वजन तसंही भरायचंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, हे पाठच करा: पाण्यावर असताना जेवढा भाग पाण्याबाहेर दिसतो, तेवढ्याच आकारमानाचं पाणी आत ओढलं की ती बुडते. त्यामुळे टाकी केवढी हवी हे तुम्हाला पाणबुडी पाण्याबाहेर किती दिसायला हवी त्यावर ठरतं. टाकी म्हणून आपण ६० मिलीच्या दोन सिरिंज वापरणार, म्हणजे १२० मिली. १२० मिली म्हणजे २६५० चे साडेचार टक्के, आणि ७५ मिमीच्या नळीत वरून साडेचार टक्के भाग कापायचा तर उंची येते जेमतेम ७ मिमी. एवढीच पाठ पाण्याबाहेर दिसणार, पण खरी पाणबुडी सुद्धा अशीच पाण्यात रुतलेली दिसते त्यामुळे ते छानच दिसतं.

आणि इथेच नवीन लोक फसतात. टॉवर पोकळ असला तरी त्याच्या प्लास्टिकचं स्वतःचं आकारमान आहे. थ्रीडी प्रिंटरवर ३७-३८ ग्रॅमचा टॉवर काढला तर ते ३० मिली प्लास्टिक झालं, ते सगळं पाण्याच्या वर असतं, म्हणजे तुमच्या १२० पैकी ३० मिली नुसत्या टॉवरने खाल्ले, पाठीसाठी उरले ९० आणि ७ मिमीचे झाले साडेपाच. म्हणून टॉवर पातळात पातळ करा, १ मिमीच्या प्लास्टिक शीटचा केला तर उत्तम, आणि त्यात फोम अजिबात भरू नका. फोम लागला तर पाण्याच्या रेषेच्या खाली लावायचा.

रेडिओ

घरात ड्रोनचा किंवा विमानाचा २.४ गिगाहर्ट्झचा सेट असतो, लोक विचारतात हाच चालेल का. पाण्याखाली नाही चालत, काही सेंटीमीटरमध्ये सिग्नल संपतो. जुने २७, ४०, ७५ मेगाहर्ट्झचे सेट गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर खोल पोचतात म्हणून ब्रिटन-जर्मनीतले हौशी लोक ४० चे आणि अमेरिकेतले ७५ चे सेट अजून जपून वापरतात. आपल्याकडे २७ चा पट्टा ठराविक पॉवरपर्यंत लायसनशिवाय वापरता येतो, खेळण्यातल्या गाड्यांचे रिमोट त्यावरच असायचे, पण ते नुसते चालू-बंदवाले, त्यावर सर्वो हवा तेवढा फिरवता येत नाही. जुना चांगला सेट कोणाकडे मिळाला तर नशीब. खाऱ्या पाण्यात मात्र २७ सुद्धा पाच-दहा सेंमीत मरतं, त्यामुळे समुद्रात चालवायचा बेत डोक्यातून काढून टाका, मीठ मोटर पण खातं.

माझं मत विचाराल तर पहिल्या पाणबुडीला २.४ चाच सेट लावा आणि अँटेना पाण्यावर तरंगती ठेवा. रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं ३१ मिमीचं उघडं टोक हेच सिग्नल पकडतं, बाकी सगळी नुसती केबल असते. ते टोक पाण्याच्या वर राहिलं की झालं. एक-दीड मीटरची बारीक कोॲक्स केबल (आत जाळीचं वेष्टण असलेली, टीव्हीच्या केबलसारखी), वर मासेमारीचा फ्लोट, त्यातून उभं काढलेलं टोक, आणि केबलसोबत गळाचा दोरा बांधायचा, ओढ सगळी दोऱ्यावर यायला हवी, केबल सैल राहिली पाहिजे. याचा दुसरा फायदा असा की आपल्याकडचं पाणी क्वचितच स्वच्छ असतं, शेततळ्यात हातभर खाली काही दिसत नाही, तेव्हा फ्लोट बघून पाणबुडी कुठे आहे ते कळतं. काही जणांना फ्लोट ओढत नेणं आवडत नाही, पण पाणबुडी हरवली की काय वाटतं ते मला माहितीये, मी अजूनही नवीन पाण्यात फ्लोट लावतो.

ट्रान्समीटर कमीत कमी ४ चॅनेलचा: मोटर, सुकाणू, मागचे आडवे पंख आणि बॅलास्ट, म्हणजे पाणी आत-बाहेर करणाऱ्या त्या सिरिंज. सहा असतील तर अजून बरं.

बॉडी आणि झाकणं

पाइप विकत घेताना दोन्ही टोकं डोळ्यासमोर धरून बघा, गोडाउनमध्ये एकावर एक रचलेले पाइप अंडाकृती झालेले असतात, त्यात ओ-रिंग (झाकणातून पाणी अडवणारी रबरी रिंग) कधीच नीट बसत नाही. व्हर्नियरने दोन दिशांना व्यास मोजा, अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा मागा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालत असतील तर त्याच मापाची ॲक्रिलिक नळी घ्या, आत पाणी आलेलं बाहेरून दिसतं हे फार मोठं सुख आहे.

पुढचं झाकण कायमचं चिकटवून टाका, इपॉक्सीने, परत उघडायचंच नाही. मागचं झाकण उघडणारं. सगळी भोकं, म्हणजे वायर, सर्वोचे रॉड, सिरिंजची नळी, अँटेना, हे सगळं मागच्याच झाकणातून काढायचं, आणि आतला सगळा संसार एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून ती पट्टी त्याच झाकणाला जोडायची. झाकण ओढलं की सगळं ड्रॉवरसारखं बाहेर. गळती शोधायची तर एकाच जागी शोधायला लागते.

झाकण लेथवर नायलॉनचं करून घ्या, वर्कशॉपवाल्याला पाइपचा तुकडा नेऊन द्या, नुसतं माप सांगू नका. ओ-रिंग ३ मिमी जाडीच्या, दोन, आणि त्यांच्या खाचा २.४ ते २.५ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद. म्हणजे रिंग पंधरा-वीस टक्के दबते, तेवढं लागतंच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंग, ऑइल सील, नट-बोल्ट सगळं सुटं मिळतं, इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. पाइपाच्या आतल्या बाजूला जिथे रिंग बसणार तिथे ८०० आणि मग १००० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून गोल गोल फिरवा, लांबीच्या दिशेने नाही, लांबीच्या दिशेचा एक ओरखडा म्हणजे पाण्याला केलेला नालाच. ग्रीस सिलिकॉनचंच, व्हॅसलिन लावू नका, काही रबर त्याने फुगतात.

झाकणाला अजून एक छोटं भोक पाडा आणि त्यात एम३ चा स्क्रू छोट्या ओ-रिंगसकट बसवा. झाकण आत ढकलताना आतली हवा दबते आणि झाकण परत बाहेर येतं, हा स्क्रू काढून ठेवला की हवा निघून जाते, मग स्क्रू लावायचा. पुढे गळती तपासायला हेच भोक कामाला येतं. आणि झाकण जागच्या जागी धरायला बाजूने तीन स्क्रू, ओ-रिंगच्या बाहेरच्या अंगाला. लोक म्हणतात पाण्याचा दाबच झाकण आत ढकलतो, स्क्रू कशाला. खोल गेल्यावर ते खरं आहे, २ मीटरवर या झाकणावर साडेसात किलोच्या आसपास जोर येतो. पण सिरिंजमध्ये पाणी ओढलं की दट्टे आत सरकतात आणि आतली हवा दबते, आत मोकळी हवा सव्वा लिटर धरली तर १२० मिलीने दाब दहा टक्के वाढतो, म्हणजे एक मीटर पाण्याएवढा. पृष्ठभागावर असताना तो दाब झाकणाला साडेतीन-चार किलोने बाहेर ढकलत असतो. स्क्रू नसेल तर ते हळूच सरकतं.

वायरच्या आतून येणारं पाणी

याला वेगळं लिहितोय कारण मला यात दोन महिने गेले. दुसऱ्या पाणबुडीत दर वेळी दोन-तीन चमचे पाणी निघायचं. ओ-रिंग तीनदा बदलल्या, झाकण नवीन केलं, भोकांवर एम-सील थापलं, तरी पाणी. एका संध्याकाळी वैतागून मोटरच्या वायरचं आतलं टोक कापलं तर तांब्याच्या बारीक तारांच्या मधे पाण्याचा थेंब चमकत होता. वायरचं रबर बाहेरून इपॉक्सीत पक्कं होतं पण रबराच्या आत, तारांच्या फटीतून, पाणी वातीसारखं चढत आत येत होतं. अँटेनाच्या कोॲक्सच्या जाळीतून पण तेच होतं.

उपाय सोपा आहे. झाकणातून वायर जिथे जाते बरोबर तिथे एक सेंटीमीटर रबर सोला, उघड्या तारांमध्ये सोल्डर पूर्ण भरून घ्या म्हणजे ती सळईसारखी एकसंध होते, आणि तो सोललेला भाग इपॉक्सीच्या मधोमध येईल असं ओता. ॲराल्डाइटसारखं चोवीस तासवालं इपॉक्सी वापरा, पाच मिनिटवालं पाण्यात पुढे नरम पडतं असा माझा अनुभव आहे. दोन सोललेल्या वायर एकमेकींना चिकटणार नाहीत हे बघा, नाहीतर शॉर्ट.

मोटर

बोटीत शाफ्टच्या नळीत ग्रीस भरलं की काम भागतं, पाणबुडीत दाब असतो म्हणून शाफ्टला ओठवालं ऑइल सील लागतं, ते सरळ रेषेत बसवणं नवीन माणसाला अवघड जातं. त्यापेक्षा ब्रशलेस मोटर (ड्रोनला असते तशी) सरळ ओल्या शेपटात बसवा. ब्रशलेस मोटर गोड्या पाण्यात उघडी चालते, आतल्या तारांवर वार्निश असतं, गंजतात ते फक्त बेअरिंग, त्यांना दर वेळी चालवून झाल्यावर तेलाचे दोन थेंब द्या. मग झाकणातून जातात फक्त तीन वायर. मोटर कमीत कमी केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे तो आकडा) घ्या, आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) पुढे-मागे दोन्ही चालणारा हवा, विमानाचा एकाच दिशेचा नको, पाणबुडीला रिव्हर्स लागतोच.

सुकाणू आणि पंखांचे सर्वो आत, त्यांचे रॉड बाहेर. रॉड म्हणून सायकलची स्टेनलेसची स्पोक वापरा, बरोबर २ मिमी असते, एका टोकाला आटे तयार मिळतात. झाकणात पितळी नळी, नळीत दोन बारीक ओ-रिंग, मधे सिलिकॉन ग्रीस. रॉड बोटाने ढकलला तर जरा जड पण अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे, तो वाकडा असेल तर तिथून पाणी येणारच.

सिरिंजचं बॅलास्ट

मेडिकलमधून ६० मिलीच्या दोन सिरिंज, फीडिंगसाठी वापरतात ती जाड तोंडाची. कडेचे कान कापून टाका, म्हणजे दोन्ही नळीत शेजारी शेजारी बसतात. मधल्या फटीतून एम४ चा आट्यांचा रॉड, त्यावर नट, नट एका आडव्या पट्टीत पक्का आणि पट्टीला दोन्ही दट्टे. रॉड फिरला की पट्टी सरकते आणि दोन्ही दट्टे एकदम मागे-पुढे. दट्टा पूर्ण मागे यायला साधारण १०७ मिमी सरकावा लागतो, एम४ च्या आट्यांत एका फेऱ्याला ०.७ मिमी, म्हणजे दीडशेच्या वर फेरे, ३०० आरपीएमची एन२० गिअर मोटर लावली तर अर्धा मिनिट. हे हळू वाटेल पण हळूच पाहिजे, पाणबुडी आरामात खाली जाते ते दृश्यच बघण्यासारखं असतं, आणि चूक झाली तर हात सावरायला वेळ मिळतो.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेत. दट्टा शेवटाला पोचला की स्विच मोटर तोडतो, आणि स्विचला समांतर एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) लावला की उलट्या दिशेने मोटर परत सुटते. डायोड उलटा लागला तर स्विच काहीच अडवत नाही आणि नट दट्टा फाडून पुढे जातो, म्हणून आधी सिरिंज न जोडता नुसती पट्टी फिरवून बोटाने स्विच दाबून बघा. सिरिंज हवाबंद पाइपाच्या लांबीच्या बरोबर मध्याला आल्या पाहिजेत, पुढे-मागे झाल्या तर पाणी भरल्यावर नाक किंवा शेपूट खाली जाणार. सिरिंजची कंपनीची चिकणाई चार-पाच वेळात संपते आणि रबर चिकटायला लागतं, दर चार-पाच वेळांनी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पाणी जिथून आत येतं त्या नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा लावा, शेवाळ अडतं.

बॅटरी लिथियमची, तळाला, फ्यूज लावून. लेड-ॲसिड बंद डब्यात नकोच, चार्ज होताना आणि नंतरही हायड्रोजन सोडते. आणि कुठलीही बॅटरी असो, चार्जिंग बाहेर काढूनच.

विमानाचा स्वस्तातला स्टॅबिलायझर मिळतो ना, ऑटो लेव्हलवाला, तो मागच्या पंखांच्या सर्वोला लावा. नुसता जायरो नको, तो फक्त हेलकावा थांबवतो, नाक सपाट करत नाही. याच्याशिवाय पाणबुडी डॉल्फिनसारखी वर-खाली उड्या घेत जाते आणि तुम्ही पाठीमागे स्टिक हलवत बसता.

फेलसेफ, हे टाळू नका

सिग्नल गेला की रिसीव्हरने दोन गोष्टी केल्या पाहिजेत, मोटर बंद आणि सिरिंज पूर्ण रिकामी. प्रोपेलर काढून, टेबलावर, सिरिंज भरलेल्या ठेवून ट्रान्समीटर बंद करा आणि डोळ्यांनी बघा की दट्टे पुढे जाऊन सिरिंज रिकाम्या होतात. पाण्यावर जायच्या प्रत्येक दिवशी हे करायचं. आणि दुसरा फेलसेफ वजनातच ठेवा: दोन्ही सिरिंज पूर्ण भरल्यावरही पाणबुडी पाच ग्रॅम हलकीच राहिली पाहिजे, टॉवरचं टोक पाण्याबाहेर. मग खाली जायचं ते वेग घेऊन आणि पंख खाली करून. मोटर थांबली की ती आपली आपण वर येते. पहिले सहा महिने तरी असंच चालवा.

गळती तपासणं

झाकणाच्या त्या एम३ च्या भोकात नळी लावून सिरिंजने थोडी हवा भरा, फार नाही, आणि सगळी बॉडी पाण्यात दाबून पाच मिनिटं बघत बसा. बुडबुडा जिथून निघतो तिथे खूण. मग आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवायच्या, त्यावर शाईपेनाने रेघा मारून. तासभर हौदात दगड बांधून ठेवली आणि उघडली की जिथे ओल लागली तिथली रेघ पसरलेली असते, निळा डाग बरोबर गुन्हेगार दाखवतो. शिवाय आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, एक ग्रॅम वाढला म्हणजे एक मिली पाणी आत. बाहेरून पूर्ण पुसून घ्या मात्र, शेपटातलं पाणी निथळायला वेळ लागतो. सिलिका जेलची पुडी आत कायम असू द्या, पावसाळ्यात हवेतलाच दमटपणा आत थेंब होऊन बसतो.

तोल जमवणं

याला एक अख्खी सुट्टी ठेवा. हौद, किंवा मुलांचा फुगवायचा पूल. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या घ्या, हात लगेच साबणाने धुवायचे आणि घरात शिसं वितळवायचं नाही. सिरिंज रिकाम्या ठेवून सुरुवात करा, तळाच्या पट्टीवर शिसं मागे-पुढे करत पाठ सगळीकडे सारखी ६-७ मिमी बाहेर येईल असं जमवा. मग सिरिंज भरा. आता फक्त टॉवरचं टोक दिसायला हवं. नाक खाली गेलं तर शिसं दोन बोटं मागे सरकवा, एकदम जास्त नाही. एका बाजूला कलत असेल किंवा बोटाने कलवल्यावर झटकन सरळ होत नसेल तर वजन वर आहे, बॅटरी अजून खाली घ्या. मोटरमुळे शेपूट जड असतंच, तिथे कडक थर्माकोलचा तुकडा, पाण्याच्या रेषेच्या खाली.

नाकात, शेपटात, टॉवरमध्ये हवा अडकून राहते, ती हवा म्हणजे खोटं तरंगणं, पाच मिनिटांनी निघून जाते आणि तुम्ही जमवलेलं सगळं बिघडतं. प्रत्येक पोकळ भागाला वर पण भोक आणि खाली पण भोक. पाण्यात सोडल्यावर हलवा, बोटाने टिचक्या मारा, बुडबुडे थांबेपर्यंत.

आणि पाणी बदललं की तोल बदलतो. वीस अंशाचं पाणी तीस अंशाचं झालं की एवढ्या पाणबुडीला सहा-सात ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी जमवलेलं एप्रिलच्या दुपारी बुडू शकतं, आपली सवलतच पाच ग्रॅमची आहे. म्हणून नाकात दोन-चार गोळ्या अशा ठेवा ज्या पाण्याच्या काठावर बसून काढता-घालता येतील.

पहिल्यांदा मोठ्या पाण्यात

सोसायटीचा पूल सगळ्यात चांगला, परवानगी काढून, सकाळी पोहणारे यायच्या आधी, पाणी स्वच्छ असतं आणि तळ दिसतो. मी मामाच्या शेततळ्यात चालवतो. शेततळ्याबद्दल मनापासून सांगतो, त्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूस पण वर चढू शकत नाही. एकट्याने जायचं नाही, काठाला खुंटीला बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडलेला हवा, लहान मुलं कुंपणाच्या बाहेर, आणि पाणबुडी अडकली तर तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, काठावरून गळ टाकून ओढायची. जलपर्णी असेल त्या तलावात नकोच, मुळं प्रोपेलरला गुंडाळतात. धरणं आणि बंदराच्या आसपास तर विचारही करू नका.

पहिल्या दिवशी शेपटाला गळाचा दोरा बांधून ठेवा, फ्लोट असला तरी. आधी दहा मिनिटं नुसती पाण्यावर चालवा, वळण किती मोठं घेते ते बघा, लांब बॉडी आहे, बोटीसारखी वळत नाही. मग सिरिंज भरा, थांबा, पाठ पाण्याखाली जाताना बघा. मग अर्धा वेग, पंख थोडे खाली. टॉवर पाणी कापत जातो, मागे बारीक रेघ उठते, आणि मग ती रेघ मिटते आणि नुसता फ्लोट चालताना दिसतो. हात थरथरतात तेव्हा, माझे अजून थरथरतात.

बॅटरी अर्धी झाली की वर काढा. काठावर आल्यावर आधी बाहेरून पुसा, मग नाक वर आणि झाकण खाली धरून पाणी निथळू द्या, मग हवेचा स्क्रू काढा, मग झाकण. टिश्यूच्या रेघा बघा. दट्टे अर्ध्यावर आणून ठेवा, टोकाला ठेवले तर रबर तिथेच चिकटतं. मोटरच्या बेअरिंगला तेल. झाकण न लावता रात्रभर पंख्याखाली, आणि ओ-रिंग काढून, पुसून, वेगळ्या डबीत.